आठवीत आलेलं पोर कुणाचं?

सीमाभागातल्या शाळांविषयी बोलायचं तर सुरुवात माध्यमापासून करायची, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. मराठी शाळा किती उरल्या, कुठली बंद पडली, कुठे मराठी शिक्षक निवृत्त झाल्यावर जागा भरलीच नाही. हे प्रश्न खरे आहेत. ते विचारणाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे गेले त्यांच्यासाठी दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आजही माणसं जमतात. तेव्हा माध्यमाचा प्रश्न किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही. पण या मोजदादीत बारा-तेरा वर्षांचं एक पोर सुटून जातं. गावची सातवी संपवून ते दुसऱ्या गावच्या हायस्कुलात आठवीला जाऊन बसतं. तिथे त्याला कुणी ओळखतं का, त्याचं नाव कुणी नीट घेतं का, चार दिवस ते आलं नाही तर कुणाच्या ध्यानात येतं का, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. सरकारच्या नाही, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नाही आणि पालकांच्याही नाही.

माझं म्हणणं असं आहे की सीमाभागातलं मराठी पोर शाळेपासून मनाने तुटायला लागतं ते या सातवी-आठवीच्या सांध्यावर, आणि ते का तुटतं याचं उत्तर फक्त माध्यमात शोधून सापडणार नाही. माध्यम मराठी असलेल्या शाळेतही पोर परकं राहू शकतं. कन्नड माध्यमाच्या शाळेतही ते रमू शकतं. दोन्ही गोष्टी आपल्या राजकारणाला अडचणीच्या आहेत म्हणून त्या आपण बोलत नाही.

आधी सांधा कसा आहे ते पाहू. कर्नाटकात सरकारी उच्च प्राथमिक शाळा बहुतांशी सातवीपर्यंत असते, काही ठिकाणी आठवीपर्यंत. हायस्कूल आठवी ते दहावी. म्हणजे सात वर्षं त्याच दोन-चार खोल्यांत, त्याच पंधरा-वीस सोबत्यांत वाढलेलं पोर तेराव्या वर्षी गावाबाहेर पडतं. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात तर ओढे-नाले ओलांडून, भर पावसात. सरकारला हा सांधा दिसलेला नाही असंही नाही. २००६-०७ पासून राज्यात मुलांना फुकट सायकली मिळू लागल्या त्या नेमक्या आठवीत. कोविडनंतर ती योजना रखडली. पुढे २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत मुली-बायकांचा सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि खानापूर, चिकोडीकडच्या कितीतरी मुलींची हायस्कूलची वाट सोपी झाली. या योजनांना मी नावं ठेवणार नाही, उलट त्या बऱ्याच राजकीय भाषणांपेक्षा उपयोगी ठरल्या. पण पोर शाळेच्या फाटकापर्यंत कसं पोचेल एवढाच विचार त्यात झाला. फाटकातून आत गेल्यावर काय, हा प्रश्न कुणी आपला मानला नाही.

आणि वय कसलं असतं! अंगात बदल होत असतात, आवाज फुटत असतो, आई-बापाचं ऐकावंसं वाटत नसतं आणि बाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाने मात्र आपल्याला विचारावं असं फार वाटत असतं. अमेरिकेत जॅक्वेलिन एक्ल्स आणि कॅरल मिजली या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या ज्युनिअर हायस्कूलविषयी जे मांडलं ते मला आपल्याकडच्या आठवीला चपखल लागू पडतंय असं वाटतं. त्यांचं म्हणणं, या वयात पोरांना थोडी मोकळीक हवी असते आणि घराबाहेरच्या मोठ्यांचा जिव्हाळा हवा असतो. नेमकी त्याच वेळी शाळा मोठी होते, शिक्षक तासागणिक बदलतात, शिस्त कडक होते आणि दुसऱ्याशी तुलना वाढते. पोराला जे हवं त्याच्या बरोबर उलटं शाळा देते. मग पोर बिघडलं असं आपण म्हणतो.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, कॅरल गुडनाऊ यांनी शाळेतल्या आपलेपणाची भावना मोजायची एक प्रश्नावली तयार केली. अठरा विधानं. ती वाचली की जाणवतं, यात अवघड असं काहीच नाही. इथल्या शिक्षकांना माझ्यात रस आहे का. माझं मत इतर मुलं मनावर घेतात का. अडचण आली तर जाऊन बोलता येईल असं एक तरी मोठं माणूस या शाळेत आहे का. मी जसा आहे तसा इथे राहू शकतो का. आपण इथले नाहीच असं कधी कधी वाटतं का. गुडनाऊंची ही प्रश्नावली पुढे जगभर वापरली गेली आणि आपलेपणा व शाळेतली गोडी यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला. आता हीच विधानं घेऊन बेळगाव तालुक्यातल्या, निपाणीतल्या, खानापुरातल्या आठवीच्या वर्गात बसा. ‘मी जसा आहे तसा’ या विधानापाशी आमचं पोर किती वेळ थांबेल, याचा अंदाज मला आहे.

कारण आमच्याकडे त्या ‘जसा आहे तसा’चे थर फार आहेत. घरात बोलायची मराठी एक, पुस्तकातली दुसरी. बाजारात कन्नड, शाळेत आणखी वेगळी, व्याकरणाची कन्नड. वर्गात शेजारी बसलेल्याचं घर उर्दू बोलणारं. ज्या गावातून आलो त्या गावाची एक ख्याती असते, चांगली किंवा वाईट, ती हजेरीच्या वेळी नावाला चिकटते. जात तर असतेच, ती आडनावातून सगळ्यांना कळलेली असते. जवळपास मराठी हायस्कूल नसेल तर पोर कन्नड माध्यमात जातं आणि काल गणितात हुशार म्हणवलेलं ते आज मागच्या बाकावर सरकतं. अपूर्णांक त्याला येत असतात. समोर फळ्यावर त्यांनाच ‘भिन्नराशी’ म्हटलं जातं आणि ते विचारायचं कुणाला, एवढ्यावर सगळं अडलेलं असतं. एखादा शिक्षक वहीत डोकावून मराठीत दोन वाक्यं बोलला तर ते पोर आठवड्यात सावरतं. असे शिक्षक आहेत, कन्नडभाषकही आहेत आणि पोरं त्यांची नावं आयुष्यभर काढतात. असा शिक्षक वाट्याला न आल्यास शेजारच्या मुलाकडून उत्तर उतरवून घ्यायची सवय लागते. गप्प बसलेल्या पोराचा शाळेला त्रास नसतो, त्यामुळे ती सवय कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

या सगळ्यात एक दिवस असा येतो की पोराला अंग चोरायलाही जागा उरत नाही. १ नोव्हेंबर.

१९५६ साली या तारखेला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून एकाच दिवशी एकाच शहरात कर्नाटकाचा राज्योत्सवही असतो आणि मराठी भाषकांचा काळा दिनही. चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या झेंड्यांची गर्दी आणि मराठी वस्त्यांतून काळे कपडे घालून निघालेली मूक सायकल फेरी. मोठ्या माणसांना यात काही अवघड नाही, त्यांची बाजू ठरलेली असते. आठवीतल्या पोराचं काय? सकाळी शाळेत ध्वजवंदन आणि नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, असतं, हजर राहा असं सांगितलेलं असतं. घरात बाप दंडाला काळी फीत बांधत असतो. गेलं तर संध्याकाळी गल्लीत कुणीतरी विचारणार, ‘झेंड्याला गेल्तास काय रे?’ नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न, ‘काल कुठं होतास?’ दोन्ही प्रश्नांत धमकी नसते, बऱ्याचदा चेष्टाच असते. पण तेराव्या वर्षी चेष्टा आणि धमकी यातला फरक कळत नाही. पोर हळूच एक शिकतं: आपल्या घरी काय चालतं ते शाळेत सांगायचं नाही आणि शाळेत काय चाललं ते घरी सांगायचं नाही.

सीमाप्रश्न सुटला की हे सुटेल, असं म्हणणारे आहेत. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आठवी, दहावी, पदवी करून नोकरी शोधायला लागली. निकाल कधी आणि काय लागेल ते लागो, दर जूनला आठवीत येणारी तुकडी त्याच्यासाठी थांबणार नाही. शाळेने निदान एवढं ठरवावं की २ नोव्हेंबरला वर्गात कुणाला काही विचारायचं नाही. ना शिक्षकाने, ना मॉनिटरने. मुलाला दोन राज्यांच्या भांडणात साक्षीला उभं करायचं नाही. याला कुठलं परिपत्रक लागत नाही, मुख्याध्यापकाने स्टाफरूममध्ये एकदा स्पष्ट सांगितलं तरी पुरतं. शिक्षण हक्क कायदा, २००९, त्याच्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतो आणि एकोणतिसाव्या कलमात मूल भयमुक्त असावं असं म्हणतो. आठवीपर्यंतच्या पोरांना हा कायदा लागू आहे. छडी बऱ्याच अंशी थांबली. जिभेचं काय?

आता आपल्या घरातलं बोलू, कारण इथवर वाचून अनेकांनी मान डोलावली असेल की बघा, कन्नड शाळांत आमच्या पोरांचं असं होतं. आमच्या मराठी हायस्कुलांत वेगळं काय होतं?

दहावीचा निकाल हा आपल्या शाळांचा प्राण झाला आहे. एसएसएलसीचे ६२५ गुण, त्यात पहिल्या भाषेचे १२५, शाळेतला पहिला कोण, केंद्रात पहिला कोण, त्याचे फलक आणि सत्कार. यात गैर काही नाही. पण फलकाची तयारी आठवीतच सुरू होते आणि कोण चढेल, कोण रखडेल याचा निवाडाही तिथेच होतो. काही ठिकाणी रखडणाऱ्याच्या बापाला बोलावून ‘दुसरीकडे बघा, इथं झेपायचं नाही’ असं समजावतात, गोड शब्दांत. ज्या समाजाने मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढले, त्याच समाजाची शाळा मराठी पोराला बाहेरचा रस्ता दाखवते आणि याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही.

दुसरी गोष्ट बोलीची. ‘काय करायलास?’ असं आमचं अख्खं बेळगाव बोलतं. वर्गात हेच वाक्य आलं की दुरुस्ती होते, तीही सगळ्यांदेखत, हसून. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, परीक्षेत तीच लागते. पण आईची बोली चुकीची आहे असं सांगून ती शिकवता येत नाही. खानापूरच्या रानातल्या गवळीवाड्यावरून येणाऱ्या धनगर गवळ्यांच्या पोरांना हे सगळ्यात जास्त सोसावं लागतं. त्यांची बोली आणखी वेगळी, कपडे वेगळे, पावसात वाडा सोडून येणंच कठीण, त्यामुळे जून-जुलैत गैरहजेरी. परत येतात तेव्हा बाकाची जागा गेलेली असते आणि टोपणनाव पडलेलं असतं. कन्नडभाषकांनी आमच्या पोरांच्या उच्चाराला हसलं तर आम्ही पेटून उठतो. गवळ्याच्या पोराला आमच्याच शाळेत मराठी पोरं हसतात, तेव्हा तो पोरखेळ असतो. ज्या मराठीबहुल गावात चार-दोन घरं कन्नड बोलणारी आहेत, तिथल्या मुलांचं मराठी शाळेत काय होतं हेही कधी विचारून पाहावं. इथे मराठी असणं आपल्याला अल्पसंख्य असण्याचा अनुभव देतं. त्या अनुभवातून दुसऱ्या अल्पसंख्याला ओळखायची सवय लागायला हवी होती. ती लागलेली नाही, असं मला सरळ दिसतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. म्हणतात, भाषाच राहिली नाही तर आपलेपणा कशाच्या जोरावर? आधी माध्यम वाचवू, मग जिव्हाळ्याचं बघू. मूल आपल्या भाषेत शिकावं ही मागणी घटनेतली आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं ३५० अ कलम अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला राज्यांना सांगतं. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. हे पाळलं जावं म्हणून भांडणं योग्यच आहे. पण घटनेचं संरक्षण ‘प्राथमिक टप्प्या’चं आहे हे नीट वाचा. आठवीत ते पातळ होतं. तिथे सरकारी शाळेच्या पाटीपेक्षा पालकांची पावलं जास्त ठरवतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला की सरकार मुलांवर मातृभाषा माध्यम म्हणून लादू शकत नाही, निवड पालकांची. म्हणजे मराठी हायस्कूल टिकायचं असेल तर कायद्यापेक्षा ते पालकाला आणि पोराला हवंसं वाटण्यावर टिकणार. ज्या शाळेत थोरल्या भावाचा पाणउतारा झाला तिथे धाकटीला कोण घालणार? बाप इंग्रजी शाळेची फी कर्ज काढून भरेल. तेव्हा ‘आधी माध्यम, मग जिव्हाळा’ हा क्रम व्यवहारातच टिकत नाही.

दुसऱ्या बाजूनेही एक सोपं उत्तर तयार असतं: कन्नड शिका म्हणजे आपोआप इथले व्हाल. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड अनिवार्य झाली आहे. कन्नड शिकावी याबद्दल माझं दुमत नाही. इथे राहायचं, इथल्या कचेरीत जायचं, इथल्या दवाखान्यात बोलायचं तर ती हवी. पण बेळगावच्या बाजारात भाजी विकणारी बाई चार महिन्यांत जेवढी कन्नड बोलते तेवढी आमचं पोर सात वर्षांत का बोलत नाही? बाजारात तिचं वाक्य चुकलं तर गिऱ्हाईक भाव विचारून पुढे जातं, तिला कुणी नापास करत नाही. वर्गात चुकलं की उभं राहावं लागतं. भीतीने पोर जेवढं शिकतं तेवढं परीक्षेपुरतं. आठवीत नव्याने आलेल्या मराठी पोरांना जूनमध्ये पहिले काही आठवडे नुसती बोलायची कन्नड शिकवावी, गुणांशिवाय, गोष्टी आणि गाण्यांतून. त्याच वर्गातल्या कन्नड पोरांनीच ती शिकवायला घेतली तर आणखी बरं. त्या बदल्यात त्यांनाही थोडी मराठी येईल.

मग करायचं काय? इथे दोन प्रयोगांविषयी सांगतो, कारण ‘वातावरण सुधारा’ असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

पहिला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराचा. तिथल्या अकरा शाळांत नव्याने सहावीत आलेल्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत दोनदा एक छोटा उपक्रम करायला दिला. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेलं वाचायचं, की आम्हीही आलो तेव्हा घाबरलो होतो, शिक्षक परके वाटत होते, हळूहळू बरं वाटलं. आणि मग त्यावर स्वतःचं चार ओळी लिहायचं. एवढंच. २०१९ मध्ये जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले: शिस्तभंगाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी कमी, गैरहजेरी १२ टक्क्यांनी कमी, नापास होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी. मॅडिसन म्हणजे खानापूर नव्हे हे मला कळतं. तिथली शाळा श्रीमंत, वर्ग लहान. पण नवीन आलेल्या पोराला वाटणारं परकेपण हा त्याचा दोष नसून सगळ्यांनाच होणारी गोष्ट आहे, एवढं नववी-दहावीच्या मुलांकडून त्याला कळावं, याला पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रयोग बिहारचा, नालंदा जिल्ह्यातला, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. चोर्ला घाट उतरलं की लागणाऱ्या गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेशी निगडित सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि इतरांनी तो केला. निकाल २०१८ च्या शेवटी ‘लॅन्सेट’मध्ये आले. ७४ सरकारी हायस्कुलं. काही शाळांत स्थानिक, शिक्षक नसलेला एक साधा तरुण किंवा तरुणी नेमून त्याला प्रशिक्षण दिलं. त्याने भित्तिपत्रक चालवलं, मुलांना चिठ्ठ्या टाकायला पेटी ठेवली, प्रार्थनेच्या वेळी बोलला, अडलेल्या मुलांशी एकेकट्याने बोलला, शाळेत मारहाण आणि छेडछाडीविरुद्ध नियम करून घेतले. काही शाळांत हेच काम तिथल्याच एका शिक्षकावर सोपवलं. बाकीच्या शाळांत नेहमीचंच शिक्षण चाललं. वर्षअखेर पाहिलं तर शिक्षक नसलेल्या त्या तरुणाच्या शाळांत वातावरण स्पष्ट सुधारलं, दादागिरी आणि हिंसा घटली, मुलांमधलं नैराश्यही घटलं. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही.

शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. शिक्षकाच्या मानेवर पाठ्यक्रम, निकाल, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब आहे. त्यात ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्याकडे पोर मन मोकळं करत नाही, तेही साहजिक आहे. आणि आमच्याकडच्या सरकारी शाळांत कितीतरी जागा अतिथी शिक्षकांवर चालतात. ते वर्षाला बदलतात, मानधनाची वाट पाहतात. पोराने कुणावर विश्वास टाकावा? म्हणून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातून आणखी एक परिपत्रक काढून शिक्षकांवर ‘आनंददायी वातावरण’ लादू नये. नालंदाचा धडा घ्यायचा तर प्रत्येक दोन-तीन हायस्कुलांमागे एक माणूस नेमावा. त्याच पट्ट्यातली, पदवी झालेली, मराठी आणि कन्नड दोन्ही धड बोलणारी एखादी मुलगी असावी. तिने आठवीतल्या प्रत्येक पोराचं नाव पंधरा दिवसांत पाठ करावं आणि जे चार दिवस आलं नाही त्याच्या घरी जावं.

पैसे कुठून? इथे मी एकीकरण समितीच्या आणि मंडळांच्या लोकांना चिडवणार आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांनी स्वतःच्या जोरावर साहित्य संमेलनं चालवली. शिवजयंतीच्या चित्ररथांवर बेळगाव किती खर्च करतं ते सांगायला नको. मला दोन्ही प्रिय आहेत आणि त्यातलं काही बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्या मांडवातल्या खुर्च्यांवर पुढच्या वीस वर्षांनी बसणारी माणसं आत्ता आठवीत मागच्या बाकावर आहेत. पाच गावांनी मिळून अशा एका मुलीचा पगार उचलणं अशक्य नाही. वाचनालयं, तालमी, पतसंस्था आपण सरकारची वाट न पाहता उभ्या केल्या होत्या. महाराष्ट्र सरकार ८६५ गावांवर हक्क सांगतं. त्या गावांतल्या आठवीच्या पोरांसाठी थोडा पैसा टाकला तर तो हक्क सांगण्याचा एक बरा मार्ग ठरेल. मात्र त्या मुलीने गळ्यात कुठल्याही पक्षाचं उपरणं घालू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिला शाळेच्या फाटकातून आत घेणार नाहीत आणि ते बरोबरच असेल.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटाव्यात अशा आहेत. आठवीचा वर्गशिक्षक दहावीपर्यंत तोच ठेवावा, जिथे जमतं तिथे. हजेरीत नाव नीट उच्चारावं. सातवीच्या गुरुजींनी दाखल्यासोबत अर्ध्या पानात लिहून द्यावं: हे पोर कशात रमतं, कशाला भितं, घरी कोण शिकलेलं आहे, कुणाशी जोडी आहे. जोडी असलेल्यांना हायस्कूलने पहिलं वर्ष तरी एकाच तुकडीत ठेवावं. आज दाखल्यावर जन्मतारीख, जात आणि वर्तणूक ‘चांगली’ एवढंच जातं.

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, जूनच्या बैठकीत हे सगळं घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. या समितीत पालक असतात, त्यांचा तो अधिकार आहे. फक्त बैठकीची सूचना आणि इतिवृत्त कन्नडबरोबर मराठीतही द्यावं. ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासून केंद्राने मान्य केलेलं सूत्र आहे. शाळेने ते आपल्या चार भिंतींत पाळलं तर जिल्हाधिकाऱ्यांशी भांडत बसायची गरज पडणार नाही. नाहीतर आठवीच्या पोरांचा विषय बैठकीत निघाला तरी निम्मे पालक काही न कळता सही करून उठतील, जसे आत्ता उठतात.